भाव आणि भक्तीतून भाषा घडवायची, तर सुरुवात कुठून करावी?

ओवीकार

नमस्कार मंडळी. मी एक भाषा रचते आहे. मनातली घालमेल आणि देवाशी असलेलं नातं जिच्यात आधी बोलता येईल, बाजारहाट नंतर, अशी. ध्वनी ठरलेत, क्रियापदांचा सांगाडा उभा आहे. आता अडलंय ते मुख्य ठिकाणी: भाषेत भाव ठेवायचे कुठे? शब्दांत, प्रत्ययांत, वाक्याच्या चालीत, की बोलणाऱ्यावर सोडून द्यायचे?

हा उद्योग ज्यांनी आधी केला त्यांचं काम बघून माझं एक मत झालंय. ते आधी मांडते, म्हणजे तुम्हाला खोडता येईल. माझं म्हणणं असं की भावनांच्या शब्दांची यादी वाढवून भाषा भावपूर्ण होत नाही. व्याकरण बोलणाऱ्याला काय सांगायला भाग पाडतं, त्यावर ते ठरतं.

पहिलं उदाहरण बिंगेनच्या हिल्डेगार्डचं (१०९८–११७९). ऱ्हाइन नदीकाठच्या मठाची ही प्रमुख. तिने संगीत रचलं, औषधी वनस्पतींवर लिहिलं, आपल्याला झालेली दर्शनं लिहून ठेवली आणि ‘लिंग्वा इग्नोटा’ म्हणजे अज्ञात भाषा नावाचा एक कोशही केला. तेवीस अक्षरांची स्वतंत्र लिपी आणि हजाराहून थोडे जास्त शब्द. कोशाचा क्रम बघण्यासारखा आहे. पहिला शब्द ‘आइगोन्झ’ म्हणजे देव, मग ‘आइएगान्झ’ म्हणजे देवदूत, मग संत, मग माणूस, नातीगोती, शरीराचे अवयव, कातडीचे रोग, चर्चमधली पदं आणि वस्तू, आणि असं उतरत उतरत झाडं, पक्षी, किडे. ‘पेवेरिझ’ म्हणजे बाप, ‘माइझ’ म्हणजे आई. शब्दाच्या आधी ‘हिल्झ’ लावलं की सावत्र बाप आणि सावत्र आई. सगळी सृष्टी देवापासून सुरू होऊन कीटकापर्यंत उतरते, हीच त्या कोशातली श्रद्धा. पण शब्द जवळजवळ सगळे नामं आहेत. क्रियापदं जवळपास नाहीतच. तिच्या एका लॅटिन स्तोत्रात या भाषेचे पाच शब्द आलेत, म्हणजे वाक्य लॅटिनचं आणि मधे मधे हे शब्द जडवलेले. त्या पाचांतला एकच, ‘लोइफोल’ म्हणजे लोक, कोशात सापडतो. मला हा कोश फार प्रिय आहे, पण त्या भाषेत कुणाला रडता येणार नाही, कारण रडायला क्रियापद लागतं.

दुसरं उदाहरण बरोब्बर उलट. सुझेट हेडन एल्गिन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये ‘लाआदान’ भाषा रचली. बायकांच्या अनुभवाला प्रचलित भाषा पुऱ्या पडत नाहीत, या विचारातून. तिच्यात वाक्य सुरू करतानाच सांगावं लागतं की हे विधान आहे, प्रश्न आहे, विनंती आहे की ताकीद. आणि त्याच शब्दाला प्रत्यय जोडून सांगता येतं की हे रागाने बोलतेय, मायेने, वेदनेने की भीतीने. वाक्य संपताना आणखी एक शब्द: ही गोष्ट मी स्वतः अनुभवली, की ती उघडच आहे, की स्वप्नात पाहिली, की विश्वासाच्या माणसाकडून ऐकली, की ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याकडून. स्वप्नात पाहिल्याची वेगळी खूण व्याकरणात! आपल्याकडे संतांच्या कितीतरी अभंगांना ही खूण लावता आली असती.

म्हणून माझ्या भाषेत प्रत्येक वाक्याच्या शेवटी भावाचा एक प्रत्यय सक्तीचा ठेवलाय. आधार भरताच्या नाट्यशास्त्राचा. रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय हे आठ स्थायीभाव, आणि अभिनवगुप्ताने ज्याची बाजू लढवली त्या शांत रसाचा शम, नववा. या नऊंपैकी एक लावल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

हे टिकेल का, एवढंच मला विचारायचंय. शिवाय अशा भाषांची आणखी उदाहरणं माहीत असतील तर जरूर लिहा.

---

कोशकार

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

एक भर घालतो. सूफी परंपरेत ‘बालाइबालान’ नावाची रचलेली भाषा आहे. सोळाव्या शतकात कैरोमध्ये राहिलेल्या मुह्यी-इ गुलशनी या दरवेशाच्या नावावर ती सांगितली जाते. लिपी अरबी, व्याकरणाचा घाट तुर्कीसारखा प्रत्ययांवर प्रत्यय चढवणारा, आणि कोशात अर्थ अरबी, फारसी, तुर्की अशा तिन्ही भाषांत. पॅरिसच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितावर सिल्वेस्त्र द सासी या पंडिताने १८१३ मध्ये लिहिलं, तेव्हा युरोपात तिची माहिती झाली. हिल्डेगार्डच्या कोशात जे नाही ते इथे आहे: क्रियापदं, काळ, सगळं. तरी ती एका वर्तुळापलीकडे गेल्याचं दिसत नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण म्हणून महानुभावांची सकळ लिपी, सुंदरी लिपी यांचा उल्लेख कुणीतरी करेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो: त्या लिप्या आहेत, भाषा नव्हेत. ग्रंथ मराठीच, अक्षरांची अदलाबदल केलेली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सकळ लिपीची किल्ली सोडवली आणि शतकानुशतकं पंथाबाहेर कुणी न वाचलेलं जुनं मराठी वाङ्मय लोकांसमोर यायला लागलं. पण मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. महानुभावांना नवी भाषा रचावीशी वाटली नाही. संस्कृत पंडितांचा पंथ असूनही नागदेवाचार्यांचा आग्रह हाच की चक्रधरस्वामी ज्या मराठीत बोलले त्याच मराठीत विचारा आणि लिहा. म्हातारीकोतारींना कळलं पाहिजे, हे त्यामागचं कारण. पवित्र भाषा लोकांपासून दूर न्यायची की लोकांच्या तोंडी असलेलीच पवित्र मानायची, हे दोन निरनिराळे मार्ग आहेत. हिल्डेगार्ड आणि गुलशनी पहिल्यावर, चक्रधर दुसऱ्यावर. ओवीकार, तुमची भाषा कुठल्या वाटेने निघालीय?

---

नीरा_काठ

मला भाषाशास्त्र कळत नाही, पण एक विचारते. हे सगळं मराठीत नाहीये का?

माझी आजी निघताना कधी ‘जाते’ म्हणाली नाही, ‘येते’च म्हणायची. बांगडी फुटली तर ‘वाढवली’. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. कुंकू पुसलं तर ‘वाढवलं’. डब्यातले तांदूळ संपले तरी ‘तांदूळ वाढलेत, आणायला हवेत’. घरात ‘संपलं’ आणि ‘फुटलं’ हे शब्द उच्चारायचेच नाहीत, असा तिचा नेम होता. शब्द उच्चारला की तसं घडतं, ही श्रद्धा. आम्ही मुलं चुकून बोललो तर ती लगेच दुरुस्त करायची, शुद्धलेखन दुरुस्त करावं तशी.

आणि ‘म्हणे’ आहेच की. ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’ यात जबाबदारी कुणाची ते लगेच कळतं.

---

ओवीकार

कोशकार, दुसरीच वाट. पण घरातून निघून. नीराताईंच्या प्रतिसादात माझं उत्तर आलंय.

नीराताई, तुमच्या आजींनी जे केलं ते मी भाषेत नियम म्हणून बसवायचं म्हणतेय. मराठीत ते शिष्टाचार आहे. ‘जातो’ म्हणालं तर वाक्य चुकत नाही, आजी रागावते एवढंच. माझ्या भाषेत ‘संपणे’ या अर्थाचं क्रियापदच नाही. प्रत्येक शेवट ‘वाढणे’, ‘परतणे’ किंवा ‘निवणे’ यांपैकी एकाने सांगायचा, आणि कोणता निवडला यावरून बोलणाऱ्याचा त्या शेवटाकडे बघण्याचा भाव कळतो. म्हातारं माणूस गेलं तर ‘निवलं’. परदेशी गेलेल्या मुलाचं पत्र थांबलं तर ‘परतलं’ म्हणता येणार नाही, मग काय म्हणायचं? इथे बोलणाऱ्याला क्षणभर थांबावं लागतं, आणि मला तो थांबाच हवाय.

मराठी पुरेशी आहे की नाही, हा प्रश्न मी वेगळा ठेवते. आपल्या भाषेत राग ‘येतो’, भीती ‘वाटते’, आठवण ‘येते’; मी राग करणारी नसते, माझ्याकडे राग येतो, पाहुण्यासारखा. हे इतकं अंगवळणी पडलंय की आपल्याला दिसत नाही. नवी भाषा रचताना ते पुन्हा दिसायला लागतं.

---

गांधार_पंचम

संगीताच्या बाजूने एक उदाहरण. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या फ्रांस्वा सुद्र याने ‘सोलरेसोल’ भाषा रचली. पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये आलं. सात स्वरांची सात अक्षरं, त्यांच्या जोडण्यांतून सगळे शब्द. गाता येते, वाजवता येते, सात रंगांतही दाखवता येते. देव या अर्थाचा शब्द आहे ‘दो-मी-सोल’. आपल्या भाषेत सा-ग-प. सुरात नुसतं म्हटलं तरी कान भरतात, अशी ही स्वरसंगती. शब्द उलटा केला की अर्थ उलटा, हा त्याचा नियम. म्हणून ‘सोल-मी-दो’, प-ग-सा, म्हणजे सैतान.

इथे मी अडखळतो. प-ग-सा म्हणजे षड्जावर परत येणं. आपल्या गायकीत सगळी तान शेवटी तिथेच उतरते, आणि ते उतरणं म्हणजे विसावा. त्याला सैतान म्हणणारी भाषा माझ्या गळ्यात बसणार नाही. सुद्रच्या श्रद्धेत देव आणि सैतान समोरासमोरच्या टोकांना आहेत, म्हणून त्याला हा नियम सुचला. भागवतात नारद युधिष्ठिराला सांगतात की गोपी कामनेने, कंस भीतीने आणि शिशुपाल द्वेषाने त्याच परमात्म्याला पोचले. विरोधभक्ती. ज्या परंपरेत द्वेषही पोचवतो, तिथल्या भाषेत प्रेम आणि द्वेष यांचा धातू एकच हवा, आणि तो धातू ‘सतत मनात धरणे’ असा असावा. उलट अर्थ करायला उलटा शब्द लागणार नाही. कशाने धरलंय तेवढं जोडलं की झालं.

ओवीकार, तुमच्या नऊ प्रत्ययांत रती आणि क्रोध वेगवेगळ्या डब्यांत आहेत. याचा विचार व्हावा.

---

मनमोकळे

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे ‘सक्तीचा भावप्रत्यय’ वाचून काळजी वाटली.

समोर बसलेल्या माणसाला ‘तुम्हाला काय वाटतंय?’ विचारलं की बहुतेक वेळा पहिलं उत्तर ‘माहीत नाही’ असतं, आणि ते खरं असतं. ज्याचं दुःख रागासारखं दिसतं, ज्याची भीती हसण्यासारखी ऐकू येते, अशा माणसाला नऊपैकी एक निवड म्हटलं तर तो सोयीचं निवडेल. घरात वडीलधारे ऐकत असतील तर ‘शम’ निवडेल. मग तुमची भाषा माणसाला वाक्यागणिक स्वतःबद्दल खोटं बोलायला शिकवेल.

दुसरा धोका झिजण्याचा. आपल्या पत्रांत ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे किती आर्जवाचं वाक्य होतं! आठ अंगं जमिनीला टेकवून केलेला नमस्कार. रोज लिहावा लागला म्हणून त्याचं ‘सा. न. वि. वि.’ झालं आणि शाळेत ते मार्कांसाठी पाठ करायची चार अक्षरं राहिली. जो भाव प्रत्येक वाक्यात दाखवावाच लागतो तो दोन पिढ्यांत पूर्णविरामासारखा होईल. लाआदानमध्ये भावाचा प्रत्यय ऐच्छिक आहे ना? सक्ती आहे ती बोलण्याचा प्रकार आणि माहिती कुठून आली ते सांगण्याची. एल्गिनबाईंनी सक्ती कुठे ठेवली, ते मला फार शहाणपणाचं वाटतं.

---

दूरदेशी

मनमोकळे, हो, प्रत्यय लावला नाही तर ते वाक्य साधं धरलं जातं. आणि वाक्याच्या शेवटी येणाऱ्या साक्षीच्या शब्दांत ‘मला काहीच कल्पना नाही’ याचाही शब्द आहे, ‘वोओ’.

मी काही काळ लाआदान शिकले, परदेशात असताना, ऑनलाइन गटात. लोकांना सर्वात आवडतात ते रागाचे शब्द. राग सकारण आहे का, दोष द्यायला कुणी आहे का, आणि काही करता येण्याजोगं आहे का, या तीन प्रश्नांवर ते बेतलेत. ‘बाला’: कारण आहे, दोषी आहे, पण उपयोग नाही. ‘बाना’: कारण आहे, दोषी आहे आणि काही करता येईल. ‘बारा’: कारण आहे, दोषी कुणी नाही, उपाय नाही. मराठीत चिडणं, संतापणं, रुसणं, फुगणं, धुमसणं, जळफळणं हे रागाचे रंग आणि तापमान सांगतात. लाआदानचे शब्द रागाचा हिशोब मागतात. मी ‘बाला’ म्हणायला शिकले तेव्हा पहिल्यांदा स्वतःला विचारलं की खरंच काही करता येणार नाही का.

आणि ‘रादीइदिन’: नावाला सण, पण कामाने आणि पाहुण्यांनी इतका जड झालेला की त्याची धास्ती वाटावी, त्यात कुणी हात लावायला तयार नसताना तर जास्तच. गौरी-गणपतीत स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या कुठल्याही बाईला हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. देवावर पूर्ण श्रद्धा असून हे वाटतं, हे मुद्दाम लिहितेय. अध्यात्माची भाषा म्हटलं की फक्त उन्नत भावांचे शब्द करायचे, हा मोह ओवीकारांनी टाळावा. नैवेद्य दाखवताना पाठ दुखत असते, तेही भाषेत आलं पाहिजे. पवित्र गोष्टीबद्दलच्या प्रेमाला तिथे ‘ओहाम’ म्हणतात. ते आणि रादीइदिन एकाच कोशात आहेत, म्हणून तो कोश मला खरा वाटतो.

टिकण्याबद्दल म्हणाल तर एल्गिनबाईंनी दहा वर्षांची मुदत ठेवून पाहिलं होतं, आणि बायकांनी ती भाषा उचलली नाही असंच त्यांनी नोंदवलं. उलट कॅनडाच्या सोन्या लँग यांची २००१ मधली ‘टोकी पोना’ आज जगभर बोलतात. शब्द सव्वाशेच्या आसपास. हृदय आणि भावना दोन्हींना एकच शब्द, ‘पिलिन’. ‘सेवी’ म्हणजे वरचं, आणि तेच दैवीही. तिच्यात भावाची एकही सक्ती नाही. शब्द कमी म्हणून माणूस आपोआप साधं बोलायला लागतो. थोडक्यात शिकता आली पाहिजे, नाहीतर बोलायला दुसरं माणूसच मिळत नाही. भक्तीची भाषा एकट्याने बोलता येईलही, भावाची नाही येणार.

---

सातारा_रोड

वरचं सगळं वाचल्यावर एक सुचवतो. नाट्यशास्त्रातूनच घ्यायचं तर स्थायीभाव का घेता? सात्त्विक भाव घ्या.

भरताने एकूण एकोणपन्नास भाव सांगितलेत: आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन जाणारे, आणि आठ सात्त्विक. हे शेवटचे आठ शरीरावर उमटणारे आहेत. स्तंभ म्हणजे जागच्या जागी खिळणं, स्वेद म्हणजे घाम, रोमांच, स्वरभेद म्हणजे आवाज फाटणं किंवा दाटणं, वेपथु म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे रंग उतरणं, अश्रू आणि प्रलय, म्हणजे भान हरपणं. आमच्याकडे कीर्तनात बुवा ‘अष्टसात्त्विक भाव दाटून आले’ म्हणतात ते हेच. नटासाठी सांगितलेली यादी भक्ताच्या अंगावर आली, आणि कुणाला त्यात परकं काही वाटलं नाही.

मनमोकळे म्हणतात तो प्रश्न याने सुटतो. मला काय वाटतंय हे माहीत नसतं, पण घसा दाटलाय हे माहीत असतं. गांधार_पंचम यांचाही सुटतो, कारण रोमांच भीतीनेही येतो आणि दर्शनानेही. अंग दोन्हीला एकच खूण करतं. आणि मराठी माणूस भाव सांगतो तो अंगावरूनच. पोटात गोळा आला, काळजात धस्स झालं, ऊर भरून आला, अंगावर काटा आला, पायाखालची जमीन सरकली. ‘मला भय वाटलं’ हे आपण परीक्षेच्या पेपरात लिहितो, शेजारणीला ‘हातपाय गार पडले’ सांगतो.

वारीत वाखरीच्या पुढे कळस दिसल्यावर शेजारचा माणूस एकाएकी बोलायचा थांबतो. त्याला विचारलं, ‘काय वाटलं?’, तर तो सांगू शकत नाही. पण आवाज गेला होता, हे तो सांगू शकतो.

---

मनमोकळे

सातारा_रोड, +१. आम्हीही माणसाला भावनेचं नाव विचारण्याआधी ‘शरीरात कुठे जाणवतंय?’ असंच विचारतो. आणि हा प्रत्यय लावायची सक्ती नसेल, शरीराने खूण केली तरच लावायचा असेल, तर झिजण्याचा धोकाही कमी. रोज कुणाचा आवाज दाटत नाही.

---

कोशकार

एक शंका. शरीराची खूण दुसऱ्याला दिसते. बोलणाऱ्याने ‘रोमांच’ लावला आणि हात तर साफ आहेत, तर? भाषेत खोटं उघडं पडण्याची सोय झाली. हे मला आवडलं, पण ओवीकारांना हवंय का?

---

ओवीकार

हवंय. आठ सात्त्विकांचे प्रत्यय घेते, ऐच्छिक ठेवते. सक्ती राहील ती साक्षीची: पाहिलं, ऐकलं, स्वप्नात आलं, आतून कळलं. ‘आतून कळलं’ हे लाआदानपेक्षा वेगळं आहे आणि मला ते हवंच आहे. नाम घेता घेता जे उमगतं ते पाहिलेलंही नसतं आणि ऐकलेलंही. दूरदेशींचं ऐकून पाठदुखीलाही जागा करते. स्वेद आहेच, त्यात कष्टाचा घामही येईल. धातू गांधार_पंचम म्हणतात तसा एकच, ‘मनात धरणे’.

मराठी शब्द ठेवून नमुना देते, म्हणजे घडण दिसेल:

आई आली-श्रू, पाहिलं. (बोलताना डोळे भरलेत, मी स्वतः पाहिलं.)
आई आली-श्रू, स्वप्नात.
देव आहे-रो, आतून. (अंगावर रोमांच आहेत, आतून कळलंय.)
देव आहे, ऐकलं.

शेवटच्या दोन वाक्यांमधलं अंतर मराठीत सांगायला मला एक परिच्छेद लागला असता.

पण प्रलयाचं काय करू? ज्याचं भान हरपलंय तो प्रत्यय लावणार कसा? सात प्रत्ययांचं ‘मी, आत्ता’ असं रूप होतं. आठव्याचं होतच नाही.

---

सातारा_रोड

त्याला ‘मी, आत्ता’ ठेवूच नका. प्रलय फक्त दोन प्रकारे यावा: स्वतःबद्दल असेल तर भूतकाळात, आणि दुसऱ्याबद्दल असेल तर ‘पाहिलं’ या साक्षीसह. म्हणजे भान हरपल्याचं सांगायला नेहमी नंतरचा मी किंवा शेजारचा माणूस लागेल.

---

नीरा_काठ

आणि शेजारी कुणी नसेल, आणि तो माणूस भानावर आलाच नाही, तर?

---

ओवीकार

तर ते वाक्य या भाषेत होणार नाही, नीराताई. तसंच ठेवते. रूपावळीत ती जागा रिकामी राहील.

स्तंभ आणि स्वरभेद एकत्र आले तर आधी कोणता लावायचा, हे अजून ठरायचंय. आज रात्री दोन्ही क्रमांनी वाक्यं म्हणून बघते आणि इथे टाकते. गांधार_पंचम, म्हणून बघायला तुम्हीही असाल तर बरं होईल. कोणता क्रम जिभेवर बसतो ते तुमच्या कानाला आधी कळेल.